ताईला दिलेला आवाज

मी खाली सही करणारी, वय एक्कावन्न, धंदा यंत्रे बनवण्याचा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. शरीर साथ देत नसले तरी डोके ठिकाणावर आहे, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. माझ्या भागीदाराला ते पटत नाही, पण त्याला कोणी विचारलेले नाही.

१. राहते घर, बँकेतील ठेवी व धंद्यातला माझा हिस्सा माझ्या लेकीला. माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, लेकीने मागची उजेडाची खोली हयातभर द्यावी.

२. हत्यारेही लेकीलाच. भागीदाराने नेलेले ड्रिल मशीन आधी वसूल करावे. "उद्या देतो" हे त्याचे पालुपद ऐकून माझे कान किटले आहेत.

३. जुना संगणक ताईला. मामांच्या दुरुस्तीच्या दुकानात तो कोणीतरी टाकून गेले आणि परत फिरकलेच नाही. मी तेव्हा चौथीत होते. ताई मासिकातला प्रोग्रॅम ओळीओळीने मोठ्याने वाची आणि मी टाइप करी. एक स्वल्पविराम चुकला की सगळी मेहनत पाण्यात. मग ती न कुरकुरता पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेई. वडील म्हणत, "एक वाचतेय, एक बडवतेय. घरात पाणी कोण भरणार?" मला संगणकाचे वेड लागले ते असे, तिच्या आवाजासकट. पुढे थरथरत्या हातांसाठी कीबोर्ड केला, अंधांसाठी घड्याळ केले, नाव झाले. सुरुवात त्या दुकानातली.

४. आता माझा आवाज. गळ्याच्या ऑपरेशनमध्ये ताईची वाचा गेली, तेव्हा मी तिच्यासाठी बोलके यंत्र बनवले. ती अक्षरे दाबते, यंत्र बोलते. त्यात तिचाच आवाज घालायचा होता, पण घरभर शोधूनही तिच्या आवाजाची एक फीत सापडली नाही. याचे मला आजही रडू येते. शेवटी माझा घातला. नेमके तेव्हा मला पडसे होते, त्यामुळे ताईला बारमाही पडसे आहे. ती मला माझ्याच आवाजात रागावते.

भागीदार म्हणतो, "हाच आवाज सगळ्या यंत्रांत घालू, खपेल." लेक म्हणते, "आई, तू नसताना स्वयंपाकघरातून तुझा आवाज आला तर मला वेड लागेल गं. दुसरा घाल ना." तिचेही खोटे नाही. पण ताईची वाचा दुसऱ्यांदा कशी काढून घेऊ? या विचाराने मी आजारापेक्षा जास्त खचले आहे.

सबब, आवाजावर भागीदाराचा काडीचाही हक्क नाही. तो ताईचा. ठेवायचा की काढायचा, तीच ठरवील.

५. वरील मजकूर आज दुपारी ताईला वाचून दाखवला. तिने एकेक अक्षर दाबले. मग यंत्र बोलले, "ठेवणार. पोरीसमोर पाटीवर लिहीन. पण तू गेलीस की नातेवाइकांना फोन मी करणार नाही. तुझ्याच आवाजात तू गेल्याचं मला सांगवणार नाही."

म्हणून ते सर्व फोन लेकीने करावेत. त्या दिवशी ताईला कोणी काही विचारू नये, आणि विचारलेच तर उत्तर देण्यास ती बांधील नाही.

यापूर्वी केलेली मृत्युपत्रे रद्द समजावीत.

सही (लिहिणारी)

साक्षीदार :
१. घरी येऊन तपासणारे डॉक्टर (सही)
२. समोरचे चष्मेवाले (सही)

ठिकाण : राहते घर, मागची खोली
दिनांक : ४ मार्च