हाउतालांच्या सौनातलं बटन

कोस्किला, ४ ऑक्टोबर २००९

ती. लेम्पीमावशीस,
रीटाचा सा. न. वि. वि.

तुझ्या डुलुथला बर्फाची चाहूल लागली असेल. इथे सरोवरावरून बोचरा वारा सुटलाय आणि आमची सफरचंदं अजून झाडावरच आहेत. तुझे कान गेल्यापासून फोनवर तू नुसतं हो हो करतेस आणि मग भलतंच करून बसतेस, म्हणून हा कागदाचा उद्योग.

बातमी वाईट आहे. मी केस कापायच्या नोकरीला जायचे ते पार्लर बंद पडलं. मालकीणबाई चंबूगबाळं आवरून फ्लोरिडाला गेल्या. नवऱ्याचं, डेलचं, तुला माहीतच आहे, खनिजाच्या बोटीवर असतो, जानेवारीत पाणी गोठल्याशिवाय घरी येत नाही. तो म्हणतो, घर विकू आणि ग्रीन बे शहरात जाऊ, तिथे पार्लरं पैशाला पासरी. मावशी, मला नाही जायचं. शेवटी असं ठरलं की तो येईपर्यंत माझी स्वतःची खुर्ची सुरू झाली तर राहायचं, नाही तर घराला विक्रीची पाटी.

खुर्ची ठेवायची आमच्या सौनाच्या, त्या परसातल्या लाकडी वाफघराच्या, बाहेरच्या खोलीत, कपडे बदलतो तिथे. बेसिन आहे, आरसा आहे, पाणी वाहून जायला जाळी आहे, शेगडीची ऊब फुकट. पण राज्याचा परवाना मिळायला जिल्ह्याच्या वीज-तपासनीसाची सही लागते. पेलोक्विन म्हणून गृहस्थ आहेत. ते एकदा डोकावून गेले आणि म्हणाले, बेसिनजवळ सुरक्षित प्लग नसेल तर सहीचं नाव काढू नका. आत्ता तिथे एक दिवा, दाराजवळ त्याचं बटन आणि दिव्याच्याच होल्डरला दोन भोकांचा एक जुनाट प्लग. त्यात सासरेबुवा सौनानंतर आपली कॉफीची किटली लावतात. भिंती अख्ख्या ओंडक्यांच्या, त्यांच्या वडिलांनी कुऱ्हाडीने तासलेल्या. त्यांना नवं भोक पाडायचं म्हटलं तर म्हातारा आधी माझ्यातच भोक पाडील. तेव्हा बटनाच्या त्या एकाच डबीत बटन आणि प्लग दोन्ही बसेल असं काही असतं का?

शिवाय सासरेबुवांचं एक कलम आहे. सोमवार ते शुक्रवार काय वाटेल ते कर, शनिवार सौनाचा, असं बजावलंय. आणि माझ्या बायका येणार त्या शनिवारीच, रविवारी चर्चला डोकं नीट हवं म्हणून. आपल्या सौनासारखा सौना जिल्ह्यात नाही, बाहेर आल्यावर बोटांना मुंग्या येतात इतकं रक्त खेळतं, हे पुराण पुन्हा ऐकवलं ते वेगळंच.

लवकर लिही. कान नसले तरी लोभ शाबूत आहे हे मला ठाऊक आहे.

तुझी,
रीटा


डुलुथ, ९ ऑक्टोबर

चि. रीटास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मी भलतंच करते हे खोटं आहे. मागच्या वेळी तू मासे पाठव म्हणाली होतीस, मी मोजे पाठवले, आणि ते तू अजून घालतेस.

असतं तसं बटन. खनिजाच्या धक्क्यावर जन्मभर तारा ओढल्या मी, पुरुष माणसं शिडी धरायची आणि मी वर. आता घेताना डोळे उघडे ठेव. दुकानात दोन प्रकार मिळतील. एकात नुसतं बटन आणि नुसता प्लग. तो स्वस्त, आणि तुझ्या कामाचा नाही. दुसऱ्यात या दोघांशिवाय दोन चिमुकल्या कळा असतात, एक टेस्टची, एक रीसेटची. तो घे. त्याचं काम साधं आहे. जेवढी वीज गेली तेवढी परत आली पाहिजे. थोडी जरी कुणाच्या अंगातून जमिनीत पळाली, की तो पापणी लवायच्या आत दार लावून घेतो. ओले हात, ओले पाय, केस वाळवायचं यंत्र: तुला हाच हवा. एकच प्लग मिळेल, दोन नाहीत, पण तुलाही हात दोनच आहेत.

मागे दोन जोड्या स्क्रू असतात. वीज येते ती जोडी वेगळी, आणि एका जोडीवर पिवळी पट्टी चिकटवलेली. त्या पट्टीला हात लावायचा नाही. दिव्याचं बटन येणाऱ्या विजेवरच जोड. प्लगने दार लावलं तरी दिवा चालू राहिला पाहिजे, नाही तर तुझी गिऱ्हाइकं अंधारात एकमेकींच्या अंगावर पडतील.

आणि हे नीट वाच: आधी फ्यूज काढ, मग डबी उघड आणि आत किती तारा आहेत ते मला कळव. कळवल्याशिवाय काही जोडू नकोस.

तुझ्या सासऱ्याला, वेइक्कोला, म्हणावं, शनिवार देवाने केलाय, हाउतालांनी नव्हे.

मावशीची आठवण पत्रातून निघत राहो,
लेम्पी


कोस्किला, २० ऑक्टोबर

ती. लेम्पीमावशीस,
रीटाचा सा. न. वि. वि.

तू रागावणार आहेस, तेव्हा आधी कॉफी पिऊन घे.

बटन मिळालं. दुकानदार मला स्वस्तातला गळ्यात मारत होता. मी दोन कळा दाखव म्हटल्यावर त्याने चष्मा लावला, मग टोपी काढली आणि मग आतून खोकं आणलं. त्या दिवशी मी फार ऐटीत घरी आले आणि त्याच ऐटीत तुला न कळवता जोडूनही टाकलं. डबीत दोनच तारा होत्या, एक काळी, एक पांढरी. मला वाटलं, काळी वीज आणणारी, पांढरी परत नेणारी, यात विचारायचं काय?

मग फ्यूज लावला आणि केस वाळवायचं यंत्र सुरू केलं. दिवा आपोआप लागला आणि यंत्राने आजारी माणसासारखा एक उसासा टाकला. सासरेबुवा बाकावर बसून पाहत होते. म्हणाले, छान, आता वारा हवा असेल तर दार उघड. मग वडिलांच्या हातचं बटन सत्तर वर्षं कसं मुकाट चाललं ते मला पुन्हा समजावलं. मी फ्यूज काढला आणि घरात जाऊन रडले, हे तुलाच सांगते.

पेलोक्विनसाहेबांना विचारलं. १५ नोव्हेंबरला हरणांची शिकार सुरू झाली की जिल्ह्यात कुणी कुणाला भेटत नाही, आणि मग त्यांची रजा थेट नाताळानंतरपर्यंत. त्याआधीचा १४ तारखेचा शनिवार तेवढा रिकामा आहे म्हणाले. मी हो म्हणून बसलेय.

काय करू? तुझ्या शिव्याही चालतील, पण परतीच्या टपालाने दे.

रीटा


डुलुथ, २४ ऑक्टोबर

चि. रीटास,
आशीर्वाद, आणि कानाला एक पीळ.

शिकल्यासवरल्या माणसांनीही हीच चूक केलेली मी पाहिली आहे, म्हणून एकच पीळ. त्या डबीतली पांढरी तार परत नेणारी नव्हे. जुन्या घरांत वीज आधी दिव्याकडे जायची, आणि बटनापर्यंत नुसता हेलपाटा मारून यायची. दोन्ही तारा त्याच हेलपाट्याच्या. म्हणून तुझं यंत्र आणि दिवा एकाच ताटात जेवत होते, दिव्याने सगळं खाल्लं आणि यंत्र उपाशी राहिलं. बटन बिघडलेलं नाही. तूही नाहीस.

डबीपर्यंत नवी केबल न्यावी लागेल, आत काळी, लाल, पांढरी आणि एक उघडी तांब्याची तार असलेली. भिंतीला भोक पाडायचं नाही. वेइक्कोच्या बापाने माळ्यावरून डबीपर्यंत ओंडक्यांतून उभं भोक कोरलेलं असणार, जुनी तार त्यातूनच उतरली आहे. लाकडाच्या कोठीतल्या फ्यूजपेटीतून सगळ्या सौनाची वीज बंद कर. जुन्या तारेचं टोक नव्या केबलला घट्ट बांध, वर साबण चोळ. एकाने माळ्यावरून जुनी तार ओढायची, दुसऱ्याने खालून नवी सरकवायची. जुनी बाहेर, नवी आत. मग माळ्यावरून ती फ्यूजपेटीपर्यंत न्यायची. काळी वीज आणेल, पांढरी परत नेईल, लाल बटनापासून दिव्याकडे जाईल, उघडी हिरव्या स्क्रूला. होल्डरवरचा तो दोन भोकांचा प्लग काढून टाक, साधा होल्डर लाव. चित्र मागे काढलं आहे.

दुसरा माणूस कोण, ते तुला कळलंच असेल. त्याला गोड बोलून माळ्यावर चढव.

माया पुरून उरेल एवढी आहे, चुका जपून कर.

लेम्पी


कोस्किला, १५ नोव्हेंबर

ती. लेम्पीमावशीस,
रीटाचा सा. न. वि. वि.

सही झाली! मावशी, सही झाली! हे सगळ्यांत आधी लिहिते, कारण तू पत्राचा शेवट आधी वाचतेस.

आता मुळापासून सांगते. सासरेबुवा माळ्यावर चढायला तयार नव्हते. मी म्हटलं, राहू दे, लेम्पीमावशी येतेय चढायला. तशी ऐंशीच्या वरचा माणूस खारीसारखा वर गेला. तार अर्ध्यात अडली. ते वरून ओरडायचे, सोड, मी खालून ओरडायचे, ओढा, आणि बाहेर कुत्रं दोघांवर ओरडायचं. शेवटी त्यांनी बर्फातल्या मासेमारीचे हातमोजे चढवले, एक हिसका दिला, आणि केबल वर. डबीतली जोडणी मात्र माझी, एकटीची. फ्यूज लावल्यावर दिवा लख्ख लागला आणि यंत्राने असा काही वारा सोडला की त्यांची टोपी उडाली. ते ती उचलून लाकडं फोडायला गेले.

काल पेलोक्विनसाहेब आले. शनिवार म्हणून सौना तापलेला, आणि सासरेबुवांच्या घरी शनिवारी आलेला माणूस सौना घेतल्याशिवाय परत जात नाही, मग तो तपासनीस असो नाही तर दरोडेखोर. साहेब कागद काढत होते तोवर सासरेबुवांनी त्यांच्या हातात टॉवेल दिला. दोघं आत गेले. मी बाहेरच्या खोलीत नखं खात बसले. तासाभराने दोघं लालबुंद होऊन टॉवेल गुंडाळून बाहेर आले, अंगावरून पाणी ठिबकतंय, सिमेंटवर अनवाणी. सासरेबुवांचा आजवर नव्या प्लगवर बहिष्कार होता, पण पाहुण्याला कॉफी तर हवी. त्यांनी किटली नव्या प्लगला लावली आणि दांडा धरला. टक्क! प्लग मेला. दिवा मात्र जळत राहिला.

सासरेबुवा गरजले, बघा साहेब, हिच्या नव्या बटनाला एक किटली पेलवत नाही, जुन्या प्लगवर वीस वर्षं बिनबोभाट चालली! साहेबांनी विचारलं, बिनबोभाट म्हणजे कधी बोटांना काही जाणवायचं नाही? सासरेबुवा छाती काढून म्हणाले, जाणवायचं तर, मुंग्या यायच्या, ती आमच्या सौनाची ख्याती आहे, लांबून माणसं येतात.

साहेबांनी किटली प्लगपासून काढली, रीसेट दाबलं, माझं यंत्र लावलं. ते भुरभुर चाललं. किटली पुन्हा लावून खुंटीवरच्या कोटातून काढलेल्या पेनाएवढ्या यंत्राने तपासली आणि सासरेबुवांना हळूच म्हणाले, आजोबा, त्या मुंग्या सौनाच्या नव्हत्या. किटलीतून वीज गळतेय. ओल्या पायांनी इथे उभं राहून तुम्ही दर शनिवारी मरणाशी हात मिळवत होतात. आज या मुलीच्या बटनाने तो हात सोडवला.

आणि टॉवेलवरच, उभ्या उभ्या, माझ्या कागदावर सही केली. म्हणाले, अशी तपासणी मी जन्मात केली नाही, टेस्टची कळ दाबून पाहायचीही गरज उरली नाही.

कॉफी मी घरातून करून आणली, वेलदोड्याच्या गोड पावाबरोबर, आपल्या नीसूबरोबर. सासरेबुवांनी पाव नुसताच कपात बुडवला आणि तो आत विरघळला तरी त्यांना कळलं नाही. डेलला तार केली आहे, म्हणजे त्याच्या बोटीच्या कचेरीत निरोप ठेवलाय: पाटी नको.

शनिवारचं मात्र विचारायची हिंमत झाली नाही. सोमवार ते शुक्रवारवर भागवीन. तू शिकवलंस म्हणून हे झालं. तुझं ऋण मला फेडायचंच नाहीये, ते असंच राहू दे.

तुझी विजयी,
रीटा


कोस्किला, २२ नोव्हेंबर

श्रीमती लेम्पी विहीणबाईंस,
वेइक्को हाउतालाचा नमस्कार, वि. वि.

मी पत्रं लिहीत नाही. हे आमच्या लग्नाच्या निमंत्रणानंतरचं पहिलं.

तुम्ही हसत असाल. हसा. गावातही कळलं आहे. कॉफीला येणारे विचारतात, मुंग्या आहेत का आज. एकाने तर पैसे परत मागितले, मी कधी घेतले नव्हते तरी.

किटली मी सरोवरात बुडवली. त्याआधी तिचा दांडा धरून बराच वेळ काठावर बसलो होतो. या वीस वर्षांत शेजारची पोरं सौनाला आली असताना त्यांतल्या एखाद्याने ती धरली असती तर, हे डोक्यातून जात नाही. मी सुनेला त्या बटनावरून काय काय बोललो ते तिने तुम्हाला लिहिलंच असेल. पेलोक्विन गेल्यावर तिने फक्त माझ्या पायांखाली कोरडी फळी आणून टाकली.

तुम्ही म्हणाल, हे तिलाच सांगा. विहीणबाई, मी हाउताला आहे. आमच्यात असलं तोंडाने बोलत नाहीत, माझ्या बापाने बोलल्याचंही आठवत नाही. म्हणून सीडारच्या लाकडाची फळी रंध्याने तासली आणि सौनाच्या दारावर लावायला पाटी केली. रंग काल वाळला. ती अजून झोपली आहे, ती उठायच्या आत ठोकीन म्हणतो. त्यावर लिहिलंय:

रीटा हाउताला, केशकर्तन. मंगळवार ते शनिवार.

शनिवार मोठ्या अक्षरात काढलाय.

तुमचं येणं-जाणं वाढावं ही विनंती. सौना रविवारी तापेल.

वेइक्को