ड्रमर पळतो म्हणून

प्रिय मधुकर,

सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा, आश्लेषावहिनींचं बीपी आणि तुमच्या खिडकीखालचं फेसाळणारं तळं, तिन्ही शांत असोत. हाताने लिहितोय, कारण फोनवर मी गोड बोलून सुटतो (डायरीत तशी नोंद आहे).

गेल्या वर्षी तुला बँडमधून मोकळं करताना, बेळ्ळंदूरहून दर रविवारी मल्लेश्वरमला यायचं म्हणजे ट्रॅफिकमध्ये तुझे हाल होतात, असं आम्ही म्हणालो. (आम्ही म्हणजे मी. गुरुप्रसाद त्या वेळी गिटारची तार बदलत होता. ती तुटलेली नव्हती.) खरं कारण वेगळं होतं. इंदिरानगरच्या पबमध्ये सहा मिनिटांचं गाणं आपण चार मिनिटांत संपवलं होतं, आणि माझ्या मते तू तालाच्या पुढे पळत होतास. तू फक्त ‘सरी, ठीक आहे’ म्हणालास आणि ड्रमच्या काठ्या विसरून गेलास. त्या माझ्या कपाटात आहेत. ते कपाट उघडणं मी टाळतो, त्यामुळे स्वेटरही वापरता येत नाहीत.

तुझ्या जागी आम्ही ताल देणारं मशीन आणलं. ते पहिल्याच रविवारी मागे पडायला लागलं. बदलून दुसरं आणलं, तेही आळशी निघालं. तिसऱ्यावर मी चिडून गुरुप्रसादशी तासभर वाद घातला (वाजवलं अकरा मिनिटं, आपलं नेहमीचं प्रमाण). तेव्हा त्याच्या आई, शारदाबाई, आतून अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचं ताट घेऊन बाहेर आल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, तीन पिढ्या मल्लेश्वरमच्या, कर्नाटक संगीताच्या मैफिली ऐकत मांडीवर ताल धरण्यात हयात गेलेल्या. म्हणाल्या, “मशीन सरी आहे रे. हा उमाकांतच पळतोय की! तो मधू बिचारा ह्याला सांभाळायला मागनं धावायचा.”

मी पुरावा मागितला. त्यांनी मला समोर बसवून एकट्याला बेस गिटार वाजवायला लावलं आणि मांडीवर आठ मात्रा मोजल्या. त्या सहावर होत्या तेव्हा माझ्या आठ झाल्या होत्या. गुरुप्रसाद हसला असता तर बरं झालं असतं. तो कॉफी करायला गेला.

घरी येऊन डायरी काढली. ‘आज मधुकर पळाला’ अशा चौदा नोंदी, माझ्याच अक्षरात. त्यातल्या एकीखालीच लिहिलंय: ‘जेवण सात मिनिटांत. रंजिता विचारते, गाडी पकडायचीय का?’ बायकोला जे वीस वर्षं माहीत आहे, ते मला कळायला तीन मशिनं लागली. चौदाही ठिकाणी तुझं नाव खोडून माझं लिहिलं. पण तू डायरी वाचत नाहीस, म्हणून हे पत्र. चूक माझी होती, आणि ट्रॅफिकची सबब तर त्याहून वाईट.

तुझा,
उमाकांत

ता. क. १ – मशीन शारदाबाईंनी भजनासाठी ठेवून घेतलंय, परत देत नाहीत. म्हणजे तू आलास तरच बँड आहे. रविवारी चार वाजता. (माफी मागायला मी नेमकं आत्ताच का बसलो, हे स्वतःला विचारलं. उत्तर फारसं चांगलं आलं नाही.)

ता. क. २ – पत्र स्वतःच घेऊन आलो. मल्लेश्वरम ते तुमचं गेट, दोन तास दहा मिनिटं. म्हणजे सबब खरी निघाली; पण देताना मला ते माहीत नव्हतं, तेव्हा माझ्या बाजूने धरू नकोस. पत्र वॉचमनकडे दिलंय. मी खाली बाकावर आहे, मांडीवर तुझ्या काठ्या. वाचून झालं की गॅलरीत ये. सावकाश ये, आठ मोजून. माझ्या केव्हाच मोजून झाल्यात.