तक्रार खरी आहे, हुकूम रद्द करा

प्रति,
मा. सचिव साहेब,
मिशन मंडळ, मुख्य कचेरी,
सोलापूर.

अर्जदार : श्रीमती सोजरबाई कोंडीबा मेटकरी, वय ५४, स्वयंपाकीण, मिशनचे मुलींचे वसतिगृह, होटगी रस्ता, सोलापूर.

विषय : वसतिगृह प्रमुख मर्सी न्याम्बुरा यांना मायदेशी परत पाठवण्याचा हुकूम रद्द करणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचाच तक्रार अर्ज, दि. २१ ऑगस्ट २०२५.
२) त्यावरून निघालेला आपला हुकूम, दि. १ सप्टेंबर २०२५.

महोदय,

१. अर्जदार सोजरबाई या वसतिगृहात एकोणीस वर्षे स्वयंपाक करते. पाण्याची टाकी गळते म्हणून तिने नऊ वर्षांत सतरा अर्ज दिले. एकालाही उत्तर नाही. मर्सीबाईंविरुद्ध एकच अर्ज दिला, तर अकराव्या दिवशी हुकूम हजर! कचेरीला वाचता येते हे सोजरबाईला त्या दिवशी पहिल्यांदा समजले.

२. सदर तक्रार खोटी नव्हती, हे आधीच स्पष्ट करण्यात येते. त्यातला एक शब्दही मागे घ्यायचा नाही. मर्सीबाई केनिया देशाच्या, वय सव्वीस, तिकडे बालवाडीत शिकवायच्या, येण्याआधी कामापुरते मराठी शिकून आलेल्या. देशाबाहेर पाऊल पहिल्यांदाच, आणि हाताखाली मोठी माणसेही पहिल्यांदाच. ४ ऑगस्टला त्या आल्या तेव्हा सोजरबाई, वॉचमन बंदेनवाज आणि झाडलोट करणारी गुरम्मा असे तिघे हार घेऊन फाटकात उभे होते. बाईंनी गळ्यातला हार काढला आणि गुरम्माच्या गळ्यात घातला, का तर ती वयाने सगळ्यांत मोठी. काढ म्हणून कुणी सांगेना, त्यामुळे गुरम्मा संध्याकाळपर्यंत हार घालूनच झाडत होती.

३. दुसऱ्या दिवसापासून कहर. आमच्याकडे नळाला पाणी पाचव्या दिवशी. पाणी आले की प्रमुखच बाह्या सारून घागरी उचलायला पुढे. जेवणे झाली की प्रमुखच भांड्यांना बसलेल्या. गुरम्मा कपाळाला हात लावून म्हणाली, "अय्यो, साहेबीणच भांडी घासाय लागली तर आमी काय खुर्चीत बसायचं?" शेजारच्या बायका फाटकातून डोकावून विचारायच्या, "नवीन कामवाली लावली का गं?" सोजरबाईची मान खाली. त्यात बाई कधी ओरडत नाहीत. मागच्या प्रमुख ओरडल्या की आमटी खारट झालेली चौकापर्यंत कळायचे. मर्सीबाई तीच आमटी "छान" म्हणून खातात आणि वर तीन तांबे पाणी पितात. अशाने माणसाला आपली चूक कळावी कशी?

४. खरे भांडण जेवणाचे. रांधणारीने सगळ्यांच्या मागून जेवायचे, ही सोजरबाईची रीत. मंगळवेढ्यात तिची आई तशीच जेवली, आजीही तशीच. आणि मर्सीबाईंना निघताना त्यांच्या वडीलधाऱ्यांनी बजावलेले की, पुढाऱ्याने सगळ्यांच्या मागून जेवायचे. १९ ऑगस्टला मुली जेवून शाळेला गेल्या आणि दोघी आपापले ताट घेऊन समोरासमोर बसल्या. "बाई, जेवा की." "आधी तुम्ही." "आमच्यात रांधणारी मागनं जेवती." "आमच्यात मोठा मागून जेवतो." "मग बसा तशाच!" बसल्या तशाच. भाकरी कडक झाली त्याचे काही नाही, सोलापुरात कडक भाकरीला मान आहे. पण पिठल्याचा दगड झाला. रात्री तेच, दुसऱ्या दिवशीही तेच. दोघी चहा-पावावर. तिसऱ्या दिवशी सोजरबाईने रिकाम्या पोटी कागद घेतला आणि लिहिले की, प्रमुख जेवत नाहीत, जेवू देत नाहीत आणि हुकूमही देत नाहीत. बंदेनवाजने तो अर्ज लगेच सायकलवरून कचेरीत पोचवला. एरवी त्याला कोथिंबीर आणायला सांगितली तर दोन तास लावतो.

५. २२ तारखेला शेगडीपाशी सोजरबाईला घेरी आली. भिंत धरून ती खाली बसली. मर्सीबाईंनी ते पाहिले आणि त्या ओरडल्या, "सोजरबाई! बसा! जेवा! आत्ता!" गुरम्माच्या हातातला झाडू पडला. बंदेनवाज फाटक सोडून पळत आला, "काय झालं, काय झालं?" "बाई वरडल्या!" "खरंच? शुक्र है अल्लाचा." बाई स्वतःच्याच आवाजाला घाबरून रडायला लागल्या, माफी मागायला लागल्या. सोजरबाई म्हणाली, "माफी कशाला? आत्ता कुटं तुमी प्रमुख झालाव." तरी सोजरबाई ती सोजरबाईच. "जेवते," म्हणाली, "पण तुमीबी जेवायचं. आधी तुमी." आता पुन्हा तेच सुरू होणार हे बघून बंदेनवाजने पीठ मळायची परात पुसली आणि मधोमध ठेवली. "मौसी, आमच्या घरात एकच थाळा. बिस्मिल्ला म्हटलं की सगळ्यांचे हात एकदम. पहिला कोन, शेवटचा कोन, बघतंय कोन?" चौघांचे हात एकदम परातीत गेले. त्या दिवसापासून हे चौघे त्या एकाच परातीत जेवत होते.

६. तेव्हापासून प्रमुखांत पुष्कळ सुधारणा आहे. पाण्याच्या दिवशी त्या मुलींची रांग लावतात आणि स्वतः फक्त शेवटची घागर उचलतात. त्या एका घागरीवर दोन्ही बाजूंचा तह झालेला आहे. आमटी खारट असेल तर खारट म्हणतात. मागच्या आठवड्यात एकदा "लई खारट" म्हणाल्या. सोजरबाईला दिवसभर राग आला आणि रात्री झोप छान लागली. आणि टाकी! बाईंनी प्लंबर बोलावला, काम होईपर्यंत त्याच्या डोक्यावर उभ्या राहिल्या आणि टाकी दुरुस्त करून घेतली. नऊ वर्षांचे काम एका दुपारी झाले.

७. आपल्या हुकुमात "कर्मचाऱ्यांमध्ये असंतोष" असे लिहिले आहे. असंतोष होता. तो पोटात होता आणि २२ तारखेला दुपारी दोन वाजता मिटला. पण कुणी येऊन विचारले? कचेरीपासून वसतिगृह रिक्षाने वीस मिनिटे. सव्वीस वर्षांची पोरगी समुद्र ओलांडून आली, आणि साहेबांना रस्ता ओलांडता येईना! हे वाक्य उद्धट वाटल्यास तसेच वाचावे.

८. हुकुमाप्रमाणे बाईंना सोमवारी, ८ तारखेला निघायचे आहे. पेटी भरून झाली. आपण नापास झालो, असे त्यांनी मनाला लावून घेतले आहे. काल सोजरबाईने पदराने तोंड पुसत त्यांना सांगून टाकले, "बाई, ती तक्रार मीच केली." त्यांनी विचारले, "खरं लिहिलं ना?" "व्हय." "मग बरोबर केलं." यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर परवडले असते.

९. हुकूम आल्यापासून परात रोज मांडली जाते, पण हात कुणाचाच पुढे येत नाही. पुन्हा चहा-पाव चालू आहे, या वेळी चौघांचा. तरी साहेबांनी रविवार दि. ७ रोजी दुपारी एक वाजता समक्ष यावे, ज्याला जे विचारायचे ते विचारावे आणि हुकूम रद्द केल्याचे आपल्या तोंडाने सांगावे. मर्सीबाईंची पेटी उघडायला गुरम्मा तयार आहे. परातीपाशी पाचवी जागा ठेवली आहे. साहेब म्हणून पहिला घास मिळणार नाही. सगळ्यांचे हात एकदम.

कामापुरती नम्र,
सोजरबाई कोंडीबा मेटकरी
(सही स्वतःची)

सहमत : बंदेनवाज, वॉचमन (सही)
गुरम्मा, झाडलोट (डाव्या हाताचा अंगठा)

सोलापूर, दि. ३ सप्टेंबर २०२५

सोबत :
१) दि. २१ ऑगस्टच्या तक्रारीची प्रत. एकही शब्द खोडलेला नाही.
२) कडक भाकऱ्या चार आणि शेंगाची चटणी. ही लाच समजू नये. लाच द्यायची असती तर टाकीच्या वेळीच दिली असती.