जिन बंद झाली तवापासून

नेर, ता. ६ मे १९६१

सौ. रुपीभोजाईले जमनीचा रामराम.

याडीच्या पायावर तिची लेक डोकं ठेवते, भाऊले रामराम, लेकराईले मुके. आम्ही इकडं खुशाल हाओत. तुमची खुशाली कळवजा.

भाऊ बैलबाजाराले नेरले आलता, तवा तू धाडलेलं टोपरं भेटलं. फुलसिंगच्या डोक्शाले बराबर बसलं. तू त्याले पाह्यलंबी नाई, मंग माप कुठून घेतलं? आमच्या शेजारची बिस्मिल्लाबी शिलाई करते, तिले टाका समजते. आरसे, कवड्या उलटंपालटं करून पाहे अन् म्हने, "ये हाथ किसका है गे?" मी म्हनलं, माह्या भोजाईचा. लय उपकार झाले तुह्ये.

तुले वाटत असन, जमनीनं इतके दिस कार्ड टाकलं नाई अन् टोपरं भेटलं तं लिवते. तसं नाई. लेकराच्या मांगं टाईम भेटत नाई. बाळंतपनाले तांड्यावर आली नाई म्हून याडी रुसली असन. तिले सांग, इथं दवाखाना जवळ हाये म्हून राह्यली. दुसरं काही नाई.

आम्ही जिनच्या मांगच्या टिनाच्या खोल्याईत राह्यतो. आमचे हे तथीच इंजिनले तेल देतात. फुलसिंग झाला तवा जिन रातदिन चालू होती. कापसातून सरकी काढाच्या त्या मशिनीईचा असा घरघराट, का भितीवरचे भांडे आपोआप वाजत. कोनी बोललं तं तोंडाकडं पाहून समजा लागे. त्या आवाजात पोट्टा असा झोपे का कोनी उचलून नेला असता तं त्याले पत्ता नसता लागला. अन् मीबी झोपो. तुले खोटं वाटन, पन झोपो.

आता कापूस सरला, जिन बंद झाली. तवापासून पोट्टा झोपत नाई. डोळा लागला का उठते, रडते. अंगावर घेतलं का डुलक्या मारते अन् पीत नाई. हातपाय काडीवानी झाले. बाया म्हनतात, याले जिनच्या आवाजाची सवय लागली, दुसरा कोनता आवाज पाहा. तं आम्ही आवाज पाहून राह्यलो. तुह्या ध्यानात काही असन तं कळव.

जमनी


नेर, ता. १७ मे १९६१

रुपीभोजाई, रामराम.

तुहं कार्ड भेटलं. इतक्या लवकर धाडशीन असं वाटलं नव्हतं. अक्षर अजून तसंच हाये तुहं, गुरुजी म्हनत ना, मुंग्याईची रांग. आपन दोघी एका पाटीवर लिवो ते याद आलं. भोजाई तू मांगून झाली, मैतरीन अदुगरची.

तू लिवलं जातं फिरव. फिरवलं. पीठ इतकं झालं का शेजारी वाटलं. पन माह्या हाताचं जातं, मले डुलकी लागली का थांबते. मंग काय कामाचं? गानं म्हन, असंबी तू लिवलं. ते मी म्हनत नाई. आवाज बसला माहा.

मंग इस्टो नुसताच पेटवून ठेवला. भर्र आवाज करते, जिनच्या लहान भावासारखा. पन मे महिना, वर टिन, खाली इस्टो. आमचे हे उघडे बसले घाम पुसत. म्हनत, "पोट्ट्याले झोपवून राह्यली का भाजून राह्यली?"

बिस्मिल्लाबीचा नवरा गुलाम नबी सायकली दुरुस्त करते. त्यानं एक जुनी सायकल आमच्या खोलीत उलटी उभी केली, चाकाच्या ताराईत पुठ्ठा खोसला अन् पायडल हातानं फिरवलं. फर्रर्र! फुलसिंग डोळे मोठे करून पाहे. आमचे हे म्हने, मी फिरवतो, तू पड. जराशानं पाह्यतो तं पायडलवर हात अन् हे घोरून राह्यले. पोट्टा जागा, मी जागी. गुलाम नबीले सांगतलं तं पोट धरून हासला. "वा! ये तो बाप को सुलाने की मशीन बन गई. भाभी, वापस मत करो."

पिठाच्या चक्कीवरबी नेला. तथी पट्टा फिरते, धकधक होते. झोपला वं माय! डब्बे घेऊन उभ्या बायाईले हासू आवरे ना. एक म्हने, "बाई, तुहं पोट्टं दळून झालं का सांगजो, मांगं माहा नंबर हाये." घरी आनला तं भुवया, पापन्या सगळं पांढरं, आपल्या आज्यासारखा दिसे. अन् घरी आल्यावर जराशातच उठला. म्हंजे, उठला.

मंग ह्याईनं यवतमाळच्या डाक्टरकडं नेलं. एसटी सुरू झाल्याबराबर थोबी झोपला अन् मीबी झोपली. कंडक्टरनं हाका मारल्या, "ओ बाई, यवतमाळ आलं! का याच गाडीनं वापस चाललात झोपाले?" हे म्हनत, याले मोठेपनी कंडक्टरच करा लागते.

डाक्टरनं छाती पाह्यली, कान पाह्यले. म्हने, लेकराले रोग काही नाई. झोप पुरत नाई म्हून पीत नाई. पन असंच चाललं तं हे लेकरू हाती राह्यनार नाई. मंग माह्या डोळ्याची पापनी खाली ओढून पाह्यली. म्हने, "तुम्ही कवा झोपता, बाई?" मी म्हनलं, लेकरू झोपलं का. हे माह्याकडं पाहात राह्यले.

आता आखरीचा आवाज बिस्मिल्लाबीची शिलाई मशीन. शाळा उघडते म्हून पोराईच्या खाकी चड्ड्याईचा ढीग पडला तिच्याकडं, दिसभर पाय चालते. थे म्हने, "ला इधर झोली, मेरे सामने बांध." उद्यापासून जातो. माह्या पोट्ट्यासाठी हे सगळे इतकं करतात, मले लाज वाटते. कोन कुठचे हे लोक, अन् कसे घरच्यावानी.

जमनी


नेर, ता. ४ जून १९६१

रुपी,

आज भोजाई नाई लिवत. शाळेतल्या रुपीले लिवतो.

पोट्टा झोपते आता. हे पयले सांगतो, म्हंजे तुहा जीव टांगनीले नको. पोटभर पेते, मांड्याईले वळ्या पडाले लागल्या. पन मशीनच्या आवाजानं नाई. कशानं, ते सांगाचं तं मले तुह्यापाशीच या लागते.

बिस्मिल्लाबीच्या खोलीत झोळी बांधली, पोट्टा लगेच झोपला. मी खाली बसून तिच्या चड्ड्याईची बटनं लावून देत होती. तिचा धागा तुटला. मशीन थांबली. निरं गप झालं. मी उठली, झोळीत वाकली, त्याच्या नाकासमोर बोट धरलं. हवा लागे ना. माहंच बोट घामानं ओलं, काय समजनार? मी त्याच्या तळपायाले चिमटा घेतला. त्यानं भोकाड पसरलं. अन् मले बरं वाटलं. थो रडला तं मले बरं वाटलं, रुपी.

बिस्मिल्लाबी धागा दातात धरून पाहून राह्यलती.

"मशीन बंद हुई तो बच्चा सोता था. उठाया किसने?"

"थोच उठला."

"झूठ मत बोल गे. चार बच्चों की माँ हूँ, अंधी नै हूँ. रोज लेती चिमटी?"

मी मान हालवली. रोज. चक्कीवरून आल्यावरबी. रातीच्यालेबी. जिन बंद झाली तवापासून. जिन चालू होती तवा त्याचा श्वास मले ऐकूच येत नव्हता, तं मी आयकत नव्हती. छातीवर हात ठेवो अन् पडून राहो. जिन बंद झाली अन् श्वास ऐकू याले लागला. तान्ह्या लेकराचा श्वास एकसारखा नसते, रुपी. जरासा थांबते, मंग येते. थांबला का मी मरो. अन् मंग उठवो. सगळा मोहल्ला त्याच्यासाठी आवाज शोधून राह्यलता, अन् मी कोनाले सांगतलं नाई का त्याची झोप मी मोडतो. सांगतलं असतं तं काहून, असं इचारलं असतं.

बिस्मिल्लाबी रागावली नाई. चहा केला. मंग इचारलं, "पहले कोई था क्या?"

मी म्हनलं, पोरगी होती.

"नाम?"

मले तोंडातून निंघे ना. चहा थंडा झाला. मंग सांगतलं. तिनं ते नाव हळूच आपल्या तोंडानं घेतलं, नवं कापड हातात घेऊन पाहते तसं. अन् म्हने, "अब तू सो. मैं देखती."

"मशीन थांबली तं?"

"थांबी तो मैं बोलूंगी ना."

अन् थे बाई खरंच तसं करे. कापड फिरवाले थांबली का म्हने, "है गे, है." बॉबिन भराले थांबली का, "है. साँस ले रा. मुट्ठी में झोली पकड के रखा तेरा लाट साब." मी चटईवर पडून आयको. पयल्या दिवशी डोळा लागला नाई. तिनं नाराजी नाई केली, पाय चालवत राह्यली. दुसऱ्या दिवशी तिचं "है" आयकता आयकता कवा झोपली मले पत्ता नाई. उठली तं दिवेलागनीचा टाईम. फुलसिंग तिच्या मांडीवर खाकी चिंधी चोखून राह्यलता, अन् गुलाम नबी दारात उभा, "बिस्मिल्ला, आज रोटी मशीन में से निकलेगी क्या?" थे म्हने, "चुप, लड़की सो री." मले लड़की म्हने, रुपी. मी तशीच डोळे मिटून पडून राह्यली अन् रडली.

ह्याईले मी सगळं सांगतलं. हे म्हने, यवतमाळलेच समजलं होतं मले, पन तू सांगशीन म्हून वाट पाहून राह्यलो. ते कसे मानूस हाये, तुले माईत हाये. देवानं मले वंगाळ लोकाईत टाकलं नाई.

आता बिस्मिल्लाबी उमरखेडले चालली. तिची पोरगी फरीदा बाळंत होनार हाये, महिनाभर येत नाई. मले भेव वाटून राह्यलं. दिसा आता निभते, पन खोलीत मी अन् लेकरू दोघंच असलो का बोट आपोआप त्याच्या नाकाकडं जाते. मी तिले म्हनलं, तुमी गेल्यावर मले "है" कोन म्हनन? थे म्हने, "तेरी भोजाई है ना. उसको बुला."

तिले काय माईत.

रुपी, त्या दुपारी मी पोरीले उठवाले निंघालती. प्यायची वेळ झालती तिची. तू झोका देत होती अन् गात होती. तू म्हनली, "निजू दे वं, किती साजरी निजली. तूबी पड जराशी." मी पडली. तुह्या म्हनन्यावर मले झोप लागली. मी उठली तवाबी तू झोका देतच होती. तुलेबी समजलं नव्हतं.

मी तुले काही बोलली नाई. शिव्या देल्या असत्या, तुह्ये केस धरले असते, तं दोघी रडलो असतो. मी गप राह्यली अन् नेरले निंघून आली. बाळंतपनाले आली नाई ते दवाखान्यासाठी नाई. तू झोक्यापाशी बसशीन म्हून आली नाई. तुले ते माईत होतं. तरी तू रात रात बसून टोपरं शिवलं.

आता इचार करतो. पोरगी मी झोपली म्हून गेली नाई. तू झोप म्हनली म्हूनबी गेली नाई. कायले गेली ते कोनाले समजलं नाई, डाक्टरलेबी इचारलं, थो म्हने कवा कवा समजत नाई. पन जातानी तिले ताप नव्हता. तिले कोनी चिमटे घेतले नाई, धावपळ नाई केली. झोका हालत होता अन् तुहं गानं तिच्या कानात होतं. तिच्या वाट्याले इतकं चांगलं आलं, ते तू देलं. त्याचे उपकार मानाचे राह्यलते. ते आज मानतो.

तू ये. पेरनीच्या अदुगर भाऊ तुले सोडते का पाहा. महागाववरून मोटर हाये, हे स्टँडवर येतीन तुले घ्याले. फुलसिंगले झोळीत घालू. तू जवळ बस अन् मले म्हन, पड जराशी. झोप लागन का नाई, माईत नाई. पन तू म्हनली का मी पडीन.

हे पाकीट तुह्या एकटीसाठी धाडतो. पन याडीले यातलं एक वाचून दाखव. तांड्यात पोरीचं नाव कोनी घेत नाई, मीच घेऊ देलं नाई. तू घे. चुलीपाशी याडी बसली असन, तिले कमी आयकू येते, तं मोठ्यानं घे.

चंदी.

तुही,
जमनी