सासूबाईंच्या ओव्यांची सीडी

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना.
संकल्प. दसऱ्याला सासरे मोहनराव दिंद्रुडहून अंबाजोगाईला देवीला जाणार, ते माझ्याच गाडीतून. गेल्या वर्षी साडूच्या, अभिमन्यूच्या गाडीत बसले. त्याची गाडी नवी, पुढे टीव्हीएवढा स्क्रीन. माझी जुनी, पण सीडी प्लेयर ओरिजिनल. सासूबाई जाऊन पाच वर्षं झाली. आमच्या लग्नात त्यांनी जात्यावर म्हटलेल्या ओव्यांची कॅसेट आमच्याकडे आहे. सासऱ्यांनी तो आवाज पाच वर्षांत ऐकलेला नाही. मी ऐकवणार, धावत्या गाडीत. आमच्या सिरसाळ्यातली पहिली सीडी मीच राईट केली, २००६ साली. अर्ध्या तासाचं काम.

२४ सप्टेंबर, बुधवार.
टेपला वायर लावून ओव्या कॉम्प्युटरवर घेतल्या. सीडी केली. गाडीत घातली. एरर. बाहेर. परत घातली, परत बाहेर. ज्याच्याकडून गाडी घेतली त्या धोंडीरामला फोन करून झापलं. तो म्हणाला, दीड वर्षानं कावून बोंबलायलाव? हलकट माणूस.

२६ सप्टेंबर, शुक्रवार.
नऊ सीड्या वाया. कॉम्प्युटरवर सगळ्या वाजतात, गाडीत एकही नाही. म्हणजे दोष गाडीचा. बायको, मनिषा, गाडीचं पुस्तक घेऊन बसली. म्हणाली, अहो, हितं लिव्हलंय, ऑडिओ सीडी पायजे, तुमी नुसत्या फायली टाकायलाव. मी सुनावलं, वीस वर्षं कॉम्प्युटरच्या लाईनीत आहे. तिने पुस्तक मिटलं. पुस्तक मिटायचीही एक पद्धत असते, ती तिने पाळली नाही.

२८ सप्टेंबर, रविवार. दुपार.
मनिषा बाजारात गेली तेव्हा ऑडिओ सीडी करून पाहिली, केवळ तिचं चूक आहे हे सिद्ध करायला. वाजली. सासूबाईंचा आवाज गाडीभर, मागे जात्याची घरघर. दारं लावून बसलो होतो. डोळ्यांत पाणी आलं, एसी बंद असल्यामुळे. मनिषाला सांगितलं, स्पीड कमी करून राईट केली, माझी ट्रिक. ती म्हणाली, बरं. या 'बरं'चा मला संताप येतो. डब्यातली ही शेवटची सीडी. म्हणाली, आनखी एक करून ठिवा. गरज नाही. मग तिने ओव्या स्वतःच्या मोबाइलमध्ये घेतल्या. मोबाइलमध्ये! मी हसलो.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.
गाडी, कॉम्प्युटर, पाने, विळे, सगळ्यांची पूजा. सीडीही पाटावर मांडली. तीही हत्यारच. मनिषा लिहिलेल्या बाजूला कुंकू लावायला गेली, थांबवलं. कुंकू तोंडाला लावतात का पाठीला? चकचकीत बाजू म्हणजे तोंड. ओलं हळदकुंकू स्वतःच्या हाताने लावलं, वर अक्षता. तिने विचारलं, वाजंल का मग? सणासुदीला असं अभद्र बोलू नये, एवढंही हिला कळत नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा. सकाळ, दिंद्रुड.
सीडी टॉवेलने पुसून घातली. एखाददुसरी अक्षता चिकटून राहिली असावी. गाडीने सीडी गिळली. वाजेना, बाहेरही येईना. नुसती करकर. सासरे पुढच्या सीटवर टोपी सारखी करून, डोळे मिटून बसलेले. दहा मिनिटं तसेच. मी घामाघूम. अभिमन्यूही आपली गाडी घेऊन आलेला, शेजारीच लावलेली. तेवढ्यात तिच्यातून ओव्या सुरू झाल्या. मनिषाने मोबाइल त्या गाडीला जोडला होता. सासरे उतरले आणि तिकडे जाऊन बसले. माझी बायकोसुद्धा. राग इतका आला की दार दोनदा आपटलं.

संध्याकाळ.
अंबाजोगाईपर्यंत त्यांच्या मागे गाडी चालवली. माझ्या गाडीत मी आणि आपट्याच्या फांद्या. त्यांच्या काचा बंद, त्यामुळे काही ऐकू आलं नाही. देवळाबाहेर सासऱ्यांनी अभिमन्यूच्या हातात सोनं दिलं आणि हात सोडलाच नाही. म्हणाले, लई उपकार झाले जावईबापू, तिचा आवाज ऐकिवलाव. मनिषा सांगायला पुढे झाली. मी मानेनेच नको म्हटलं. काय सांगणार? मग मलाही सोनं दिलं. विचारलं, गाडी दुरुस्त हुईल का न्हाई?

मनिषा वडिलांकडे राहिली. सिरसाळ्याला एकटाच आलो. सीडी आतच आहे. खड्ड्यात गाडी आदळली की आत घरघर होते. पहिल्यांदा मला जातं वाटलं, म्हणून आवाज वाढवला. नंतर कळलं, सीडी घासत होती. तरी घरापर्यंत बंद केलं नाही.