पाटीवरचा करडा डाग

रवि., ५ ऑक्टोबर

पहाटे अर्धवट जागेपणी डस्टरची टकटक ऐकली. परळची शाळा, चौथीचा वर्ग, बाई लाकडी डस्टर टेबलाच्या कडेवर आपटून ठेका धरतायत, टक टक टऽक, आणि आम्ही पोरं गळे ताणून कविता म्हणतोय. माझ्या शेजारी गजा, नेहमीसारखा अर्धी ओळ पुढे. पूर्ण जाग आली तेव्हा वरच्या मजल्यावर कुणी तरी लसूण ठेचत होतं. तरी पडून राहिलो. कविता कोणती ते आठवायच्या आत लसूण संपला.

दु. नवा लॅपटॉप उघडला. (एवढा मोठा शब्द रोज लिहायचा कंटाळा. यापुढे ल.टॉ.) स्क्रीनच्या मधोमध करडा डाग. पाटी ओल्या फडक्याने पुसल्यावर जसा ढग राहतो तसा. शर्टाच्या टोकाने पुसला. नलूने तिच्या जुन्या साडीचा मऊ तुकडा दिला, त्याने पुसला. जात नाही.

अजून खोकासुद्धा माळ्यावर टाकलेला नाही.

सोम., ६ ऑक्टो.

डाग आहेच. आज कविता टाइप करायला बसलो, चौथीतली, पावसावरची नाही, ती दुसरी, बैलाची. चार ओळी झाल्या. शब्दाचा मधला भाग डागाखाली जातो, मग मान वाकडी करून कडेने वाचायचा.

अंधेरीच्या दुकानातला तो दिवस सारखा आठवतो. सेल्समनने मराठी पान उघडून दाखवलं होतं. अनुस्वार वेगळा, रफार वेगळा, वेलांटीची गाठसुद्धा दिसत होती. वर्तमानपत्रात हल्ली सगळं एकात एक मिसळलेलं असतं. मी तिथेच उभा राहून मोठ्याने वाचायला लागलो, लोक बघायला लागले. नलूने कोपर मारलं.

अभिजित बंगळूरहून फोनवर म्हणत होता, "बाबा, कविता टाइप करायला फोर के स्क्रीन कशाला? त्याच्या निम्म्यात काम होईल." ऐकलं नाही. स्वैपाकघराचा ओटा नवीन करायला ठेवलेली एफडी मोडली. नलू एवढंच म्हणाली, "घ्या. ओटा काय, उभाच आहे."

ओट्याकडे बघणं टाळतो.

गुरु., ९ ऑक्टो.

गजाचा वार. दर गुरुवारी दहाला तो मुलुंडहून व्हिडिओवर येतो, मी बोरिवलीहून. तो एक ओळ म्हणतो, मी पुढची. ज्याची चुकली त्याने पुढच्या वेळी नवी कविता आठवून आणायची. खुब्याचं हाड मोडल्यापासून गजा घराबाहेर पडत नाही. दोन उपनगरं शेजारी, पण मधे अख्खा डोंगर, आमच्या वयाला तो ओलांडवत नाही. म्हणून हा उद्योग.

आज त्याचे कान दिसत होते, पांढरे केस दिसत होते, मागची देव्हाऱ्याची लाल माळ दिसत होती. मधे तोंडाच्या जागी डाग.

मी म्हटलं, "गजा, तुझं थोबाड दिसत नाही."

"माझ्या थोबाडाक काय बघूचा हा आता? ओळ म्हण."

"स्क्रीन खराब आलाय रे."

"सांगलेलंय मी, आपला साधा घे. तुका झकपक व्हया. आता भोग."

मग चिडून त्याने दोन कडवी एकट्यानेच म्हणून टाकली. मी माझी ओळ विसरलो. खरं तर विसरलो नव्हतो. तो म्हणताना ओठ बघायची सवय आहे, त्यावरून आपली वेळ कळते. ते दिसले नाहीत की

असो.

मंगळ., १४ ऑक्टो.

अंधेरीला सर्व्हिस सेंटर. नलू बरोबर आली, मी नको म्हणत असताना. टोकन घेऊन बसलो. समोरच्या भिंतीवर मोठा स्क्रीन, त्यात डोंगर, नद्या, फुलं. त्यांच्याही मधोमध डाग होता. म्हटलं, यांचे सगळेच तसले.

काउंटरवरच्या मुलीने ल.टॉ. पांढरा केला, काळा केला, लाल केला. वाकवून बघितला. "काका, हा प्रेशर मार्क आहे. खाली उजव्या कोपऱ्यात, पांढरा ठिपका. हाच ना?"

मी म्हटलं, "तो नाही. मधला. करडा."

"मधे काही नाही, काका."

"नीट बघा ना."

तिने शेजारच्या मुलाला बोलावलं. त्यानेही बघितलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मुलगी म्हणाली, "फक्त कोपऱ्यातला ठिपका आहे. झाकण बंद करताना आत काही राहिलं होतं का? असं असेल तर वॉरंटीत बसत नाही."

मी नाही म्हणायच्या आत नलू बोलली, "अक्षता."

"म्हणजे?"

"तांदूळ. दसऱ्याला पूजा केली होती ना त्याची."

मुलीने ल.टॉ. उलटा करून हलकेच ठोकला. कुंकवाने लाल झालेला एक दाणा काउंटरवर पडला. नलूने तो उचलून रुमालात बांधला, तिथे तसा टाकवेना तिला.

परतीची रिक्षा. जोगेश्वरी आल्यावर ती म्हणाली, "मीच बंद केलं हो झाकण. संध्याकाळी धूळ बसेल म्हणून."

मी बाहेर बघत बसलो. तिला वाटतंय मी रागावलोय.

बुध., १५ ऑक्टो.

दसऱ्याचं खरं ते लिहून ठेवतो. पूजेची हौस माझी. लहानपणी पाटीपूजनाला एकाचे आकडे काढून त्यांची सरस्वती करायचो, पाटीवर झेंडूचं फूल, आपट्याचं पान, बाई सगळ्यांच्या पाटीवर अक्षता टाकत फिरायच्या. म्हटलं, आता हीच माझी पाटी. नलूने बंद ल.टॉ.ला हळदकुंकू लावायला घेतलं तर मीच म्हणालो, "उघडा ठेव. पाटी कधी पालथी घालून पुजतात का?" तिने उघडा ठेवला. मी स्क्रीनवर एकाच्या आकड्यांची सरस्वती टाइप करून ठेवली होती. अभिजितला फोटो पाठवला, त्याने हसरं तोंड पाठवलं.

म्हणजे कोपऱ्यातला ठिपका माझ्या हौसेचा आणि तिच्या हातचा, दोघांचा. इतकं स्वच्छ आहे.

मधल्या डागाचं काय, ते नाही लिहीत आज.

शुक्र., १७ ऑक्टो.

काल गुरुवार. गजाचा कॉल वाजला, घेतला नाही. नलूने विचारलं तर म्हटलं, स्क्रीन असा आहे, काय बोलणार. ती आत गेली.

हॉलच्या खिडकीचा एक गज मधे वाकलेला दिसतो. पूर्वी कधी लक्षात आलं नव्हतं. बिल्डिंग जुनी आहे, रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा चालू आहेत, खचत असेल एका बाजूने. खाली वॉचमनला विचारलं. तो वर बघून म्हणाला, "सीधा तो है, अंकल."

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांचे काढून झालेत. डॉ. तेव्हा म्हणाले होते, आता पंचवीस वर्षांच्या पोरासारखं दिसेल. तसं दिसलंही होतं काही वर्षं. चौथीच्या वर्गाच्या खिडकीतून गिरणीचं भोंगाघर दिसायचं, त्यावर बसलेले कावळे मोजता यायचे. तसं.

मंगळ., २१ ऑक्टो.

लक्ष्मीपूजन. दरवर्षी नलू पूजेनंतर सगळ्या घरावर अक्षता टाकते, कपाटावर, फ्रिजवर, माझ्या डोक्यावर. आज फक्त लक्ष्मीवर टाकल्या आणि वाटी झाकून ठेवली. मी खुर्चीत बसून वाट बघत होतो. माझ्या डोक्यावर टाकायला विसरली, की

अभिजितचा फोन आला तेव्हा स्वैपाकघरातून तिचा आवाज ऐकला. "माझ्या हाताने वाटोळं झालं रे त्यांच्या वस्तूचं. जीव होता त्यांचा त्याच्यात. कवितांना हात लावत नाहीत आता. गजाभाऊंशी पण बोलत नाहीत."

उठून तिथे जायचं आणि म्हणायचं, नलू, तुझ्या दाण्याने काही झालं नाही, तो ठिपका मला दिसतसुद्धा नाही. उठलो. दारापर्यंत गेलो. ती वळली तर तोंडातून निघालं, "करंज्या खुसखुशीत झाल्यात."

"खाल्ल्या कुठे तुम्ही?" ती म्हणाली.

शनि., २५ ऑक्टो.

डाव्या डोळ्यावर तळहात ठेवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. आजची तारीख ज्या चौकटीत, तिथे ढग. नजर बाजूच्या चौकटीवर नेली, ढग बाजूला गेला. उजवा झाकला तर थोडं बरं, पण डाव्यातही धुकं आहे.

ल.टॉ. बंद होता. कॅलेंडर कागदाचं आहे.

एवढंच. आता माहीत आहे मला. बहुधा त्या काउंटरवरच्या मुलीलाही माहीत होतं, म्हणून तशी बघत होती. मला वाटलं उद्धट आहे.

डोळ्यांचे डॉ. वझिरा नाक्याजवळच बसतात, पायी जाता येतं. ते काय सांगतील ते ऐकायचं नाही. तोवर तरी डाग स्क्रीनचा आहे. स्क्रीन बदलता येतो.

कंटाळा आलाय. लपवायचासुद्धा.

सोम., २७ ऑक्टो.

नलूने तिच्या भिशीचे पैसे उचलले. "नवीन स्क्रीन बसवून घ्या," म्हणाली. "मी त्या मुलीला फोन केला होता. गुरुवारी दुपारी घेऊन या म्हणाली."

मी म्हटलं, "ओटा कर त्यात."

"ओट्याचं मला काय कौतुक? तुम्ही सकाळी मोठ्याने कविता म्हणत बसलात की मला घर घरासारखं वाटतं. हे असं गप्प बसलेलं माणूस नको मला."

किती वर्षांत तिने मला कवितांबद्दल काही बरं म्हटलं नव्हतं. नेहमी म्हणायची, झालं सुरू शाळेचं स्नेहसंमेलन. मी मान हलवली. हो की नाही, तिला काय कळलं कोण जाणे. पाकीट देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलंय तिने.

नवा स्क्रीन बसेल. त्यातही डाग असेल. मग तिला काय सांगू.

बुध., २९ ऑक्टो.

दिवसभर आठवत बसलो. चौथीच्या सगळ्या कविता पाठ आहेत का ते बघितलं. एक सोडून सगळ्या आल्या. जिथे अडलो तिथे पुढची ओळ नाही, बाईंचा ठेका आला. टक टक टऽक. त्याच्यावर शब्द बसत नव्हते, पण ठेका बरोबर होता.

वाचता नाही आलं तर पाठ आहे तेवढंच आपलं. पुरेल की नाही ते माहीत नाही.

नलूला उद्या सकाळी सांगायचं. ल.टॉ. घेऊन जायच्या आधी. ठरलं.

गुरु., ३० ऑक्टो.

सकाळ. चहा झाला. सांगितलं नाही. ती म्हणाली, "जेवून लगेच निघू." मी म्हटलं, बरं. ती आंघोळीला गेली. बाहेर आली की सांगतो.

बेल वाजली. बघतो.

बेडरूममध्ये येऊन लिहितोय. ओळी वरखाली जातायत.

लाकडी दार उघडलं. बाहेर जाळीच्या दारापलीकडे एक माणूस उभा. पांढरा शर्ट, हातात चार पायांची काठी, मागे रिक्षावाला पिशवी धरून. मानेच्या वर करडा ढग. मी विचारलं, "कोण पाहिजे?"

तो काही बोलला नाही. गंमत करत असावा आधी, मग त्याचं अंग जरा ढिलं पडलं. मी पुन्हा विचारलं, "कोणाकडे आलात?"

माझ्या मागे बाथरूमचं दार उघडल्याचा आवाज आला. नलूच्या ओल्या केसांचा वास आला. ती तिथेच थांबली. तिला तर दिसतच होतं कोण आहे ते.

मग त्या माणसाने काठी उंबऱ्यावर आपटली. टक टक टऽक.

"गजा," मी म्हटलं.

"दोन गुरुवार झाले, तुझा तोंड दिसाक नाय," तो म्हणाला. "म्हटला, मेलो की जितो आसा, जावन बघतंय. मुलुंडापासून रिक्षा केलंय, हाडं खिळखिळी झाली. आणि तू माका विचारतंस कोण पाहिजे?" नेहमीचीच शिवी दिली, पण आवाज नेहमीचा नव्हता.

नलूने पुढे होऊन जाळीचं दार उघडलं. माझ्या हाताला कडी सापडत नव्हती.

त्याला बसवलं. पाणी दिलं. तो माझ्याकडे बघतोय हे जाणवत होतं. चष्मा आणतो म्हणून उठलो आणि इकडे आलो.

बाहेर गजाने पहिली ओळ म्हटली, हळू, एकटाच. थांबलाय. पुढची माझी आहे. काठीने ठेका धरून वाट बघतोय.

नलू खोलीच्या दारात येऊन उभी राहिलीय. चष्मा माझ्या डोळ्यांवरच आहे, आणि ती तो बघतेय.