डोक्यातलं विमान

५ जानेवारी
आजपासून डोकं ताब्यात घ्यायचं. आमचे गोदामाचे सुपरवायझर कोंडाजीभाऊ म्हणाले, लेका, तुझं लक्ष माशीसारखं, तुला माल उचलायच्या फोर्कलिफ्टवर बसवू कसा? महिनाअखेर ट्रायल. मी नायतर माझ्याबरोबर ट्रॉली ढकलणारा सहादू. सहादू म्हणजे नुसता बैल. सीट माझीच. गावी सुरगाण्याला आईला फोन करून टाकला, ऑपरेटर झालो.

७ जानेवारी
मावसबहीण उज्वला कॉलेज रोडला एका सेंटरात कामाला आहे. तिथं मेंदूच्या लहरींचा व्यायाम करून घेतात. तिनं नंबर लावला. म्हणाली, दादा, तिथं तरी शहाण्यासारखा वाग. मी कधी नाय वागलो?

११ जानेवारी, रविवार
डोक्याला तेल चोपडून गेलो. मेंदूला थंडावा. तिथल्या स्वानंदी मॅडम म्हणाल्या, तेलावर वायर पकडत नाही. बेसिनखाली डोकं धुतलं. मग टाळूला पेस्ट लावून वायर, कानाला क्लिपा. विचारलं, शॉक किती व्होल्टचा? शॉक नसतोच म्हणे, मशीन फक्त वाचतं. डोकं शांत पण जागं असलं की पडद्यावरचं विमान वर जातं, भरकटलं की खाली. माझं रनवेवरच. मशीन जुनं असणार.

१८ जानेवारी
युक्ती सापडली. दात आवळले की पडद्यावर रेघा लय उसळतात. मॅडम म्हणाल्या, हा जबडा आहे, मेंदू नाही. जोर लावू नका. फरक पडला तर बऱ्याच बैठकांनंतर, तोही हळूहळू. साध्या माणसाला लागत असतील एवढ्या.

२५ जानेवारी
विमान उडालं. मॅडम पुढं काहीतरी समजावत होत्या, माझं लक्ष विमानाकडं. उज्वला म्हणे, दादा, अर्धा मिनिटच होतं. जळते.
सहादूला सांगितलं, आताच माघार घे, इज्जत राहील. तो म्हणाला, आधी तुझी ट्रॉली वाटेतून काढ.

३१ जानेवारी, जेवणाच्या सुट्टीत
आज ट्रायल होती. नंबर यायच्या आधी खोक्यांमागं बसलो, डोळे मिटले, डोक्यात विमान सोडलं. एवढं वर कधीच गेलं नव्हतं. एकदम शांत. डोळे उघडले तर सहादू फोर्कलिफ्टवरून उतरत होता, पोरं त्याच्या पाठीवर थापा मारत होती. कोंडाजीभाऊ म्हणाले, तीन हाका मारल्या, कुठं उलथला होतास? म्हटलं, इथंच, लक्ष एकवटत होतो. म्हणाले, एकवट निवांत, सीट सहादूला दिली.

संध्याकाळी
सेंटरला फोन केला, उज्वलानं उचलला. मॅडमना सांग म्हटलं, ट्रेनिंग शंभर टक्के लागू पडलं, तीन हाका ऐकू आल्या नाहीत. म्हणाली, दादा, मावशीनं गावात पेढे वाटलेत. तिला तूच सांग.